दया आणि चाकरी

यंदा सहामाही परीक्षेनंतर भरलेल्या पालकसभेत एक प्रश्न निघाला, आणि बराच वेळ चर्चा होऊनही त्याचा निकाल लागला नाही. आपल्या शहराबाहेर एका सद्गृहस्थांनी आपल्या मळ्यात काही म्हातारी व जायबंदी घोडी आणून सांभाळिली आहेत. आमच्या नववी-दहावीतील काही विद्यार्थ्यांनी दर शनिवारी दुपारी तेथे जाऊन त्या जनावरांची सेवा करण्याची परवानगी मागितली आहे. कित्येक पालकांस ही गोष्ट पसंत नाही. कोणी म्हणाले, "दहावीचे वर्ष, आणि लीद काढावयास जावयाचे?" कोणी म्हणाले, "माणसे उपाशी असता घोड्यांचे कोडकौतुक कशाला?" एका मातेने मात्र निराळाच प्रश्न केला. त्या म्हणाल्या, "मुलांना यातले काही कळते का?"

आमच्या मते सर्वांत विचार करण्याजोगा प्रश्न हाच होय. त्याचे उत्तर देणे त्या सभेत आमच्याने झाले नाही. कारण ते उत्तर एका जुन्या आणि आम्हांस लाज आणणाऱ्या गोष्टीशी निगडित आहे. ती गोष्ट प्रथम सांगतो, आणि मग आमचे मत काय ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी, लग्नसराई संपून शाळा नुकतीच उघडली होती तेव्हा, मागील पटांगणाच्या कुंपणापाशी निंबाच्या झाडाखाली एक पांढरी घोडी उभी असलेली मुलांस दिसली. वरातीत नवरदेवास मिरविणारी ती घोडी असावी. पाठीवर खोगिराने पडलेली जखम होती, खूर वाढून फाटले होते, आणि बरगड्या लांबूनही मोजता याव्या अशी तिची दशा होती. मालकाचा पत्ता लागेना. हंगाम संपला, चारा महाग झाला, आणि बसून खाणारे जनावर पोसणे त्या गरीब माणसास अशक्य झाले असेल. त्याने तिला सोडून दिले.

मुलांचे अंतःकरण द्रवले. मधल्या सुटीत डब्यांतील पोळ्या घोडीपुढे आल्या. दुसऱ्या दिवशी कोणी घरून उरलेला भात आणिला, कोणी गूळ आणिला. एका मुलाने तर साठविलेल्या खाऊच्या पैशांतून पाच किलो हरभरे विकत आणून तिच्यापुढे ओतिले. घोडीही अधाशासारखी खाई. आम्ही शिक्षकांनी हे सर्व कौतुकाने पाहिले. इतकेच नव्हे, तर याच वार्षिक अंकात छापण्याकरिता घोडी व मुले यांचे छायाचित्रही काढविले.

तिसऱ्या दिवशी सकाळी घोडी जमिनीवर लोळत होती. पुनःपुन्हा मान वळवून ती आपल्या कुशीकडे पाही. सर्वांगास घाम सुटला होता. पशुवैद्य येईपर्यंत दुपार झाली. त्यांनी नाकातून नळी घातली, सुया टोचल्या, शक्य ते सर्व केले. संध्याकाळी घोडी गेली. हात धुता धुता ते एवढेच म्हणाले, "उपाशी घोड्याला एकदम धान्य घालू नये, सर. आधी विचारायला हवे होते."

दुसऱ्या दिवशी हरभरे आणणारा तो मुलगा वर्ग सुटल्यावर मागे राहिला. त्याने विचारिले, "सर, ती आमच्यामुळे मेली का?" आम्ही म्हणालो, "छे, म्हातारीच होती ती." तो काही बोलला नाही, निघून गेला. ते छायाचित्र छापिले नाही. आमचे उत्तर खरे नव्हते, हे त्यासही कळले असावे.

खरे उत्तर असे आहे. घोड्याचे पोट त्याच्या देहाच्या मानाने लहान असते. परमेश्वराने ते दिवसभर थोडेथोडे गवत चरण्याकरिता घडविले आहे. मनुष्यास जड अन्न बाधले तर ओकारी होऊन तो मोकळा होतो. घोड्यास ओकता येत नाही. बहुत दिवसांच्या उपासानंतर एकदम धान्य पोटात गेले, तर ते मोठ्या आतड्यात आंबते, वायू धरतो, पोटशूळ उठतो. त्यातून वाचलाच तर खुरांस दाह होऊन तो कायमचा लंगडा होण्याची भीती असते. अशा जनावरास प्रथम पाणी, मग वाळलेले गवत मूठमूठ, आणि धान्य कित्येक दिवसांनी, तेही पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यावयाचे असते. आमच्यापैकी एकासही हे ठाऊक नव्हते. आमच्यापाशी दया पुष्कळ होती; परंतु चाकरी कशी करावी हे आम्ही शिकलो नव्हतो. दयेत मनुष्य आपल्या मनास बरे वाटेल ते करितो. चाकरीत त्यास समोरच्या जीवाला काय हवे ते विचारून करावे लागते. मुलांनी त्या मळ्यात जाऊन हाच भेद शिकावा, असे आमचे मत आहे.

आता कोणी विचारील की, हा भेद शिकण्यास घोडाच कशास हवा? त्यास आमचे उत्तर असे की, या नगरावर घोड्याचे ऋण आहे. मलिक अंबराने १६१० साली खडकी वसविली, तेव्हापासून येथील राज्यकारभार घोड्यांच्या पाठीवर चालला. त्याचे गनिमी युद्ध म्हणजे चपळ घोडदळाचे युद्ध होते. पुढे येथील छावणीत हैदराबाद कंटिंजंटचे रिसाले राहिले. १८५७ च्या जून महिन्यात त्यांपैकी एका रिसाल्याने उठाव केला, आणि क्रांती चौकातील काळा चबुतरा त्या शूरांची आठवण आजही देतो. त्याच कंटिंजंटच्या घोडदळातून 'डेक्कन हॉर्स' या नावाची पलटण निर्माण झाली. १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणांगणावर हाय वूड येथे ती मशीनगनांच्या समोर घोड्यांनिशी चालून गेली. माणसांची स्मारके झाली. घोड्यांची कोठे झाली?

आमच्या बाळपणी रेल्वे स्टेशनावर टांगे उभे असत. तोबऱ्यात तोंड घालून चंदी खाणारी घोडी पाहत आम्ही गाडीची वाट पाहिली आहे. रिक्षा आल्या, टांगे गेले. आज शहरात घोडा दिसतो तो बहुधा वरातीत. कर्कश वाद्ये, फटाके आणि डोळे दिपविणारे दिवे यांच्या मधोमध डांबरी रस्त्यावर उभा. मराठवाड्यातच नांदेड जिल्ह्यातील माळेगावी खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे तरण्या घोड्यास लाखांची बोली लागते. परंतु म्हाताऱ्या घोड्यास बाजार नाही. जो कामाचा आहे तोवर आपला, आणि काम संपले की रस्त्याचा, ही रीत मुलांनी घोड्याच्या बाबतीत पाहिली, तर उद्या ती आपल्या म्हाताऱ्या आईबापांच्या बाबतीत पाळणार नाहीत याची हमी कोण देईल?

दयेचे रूपांतर चाकरीत करणारी माणसे जगात होऊन गेली आहेत. मुलांनी त्यांची ओळख करून घ्यावी. लंडन शहरात १८२४ साली प्राण्यांवरील क्रूरता थांबविण्यासाठी जी पहिली मंडळी स्थापन झाली, तिचा संस्थापक आर्थर ब्रूम नावाचा एक धर्मोपदेशक होता. त्याने आपले धर्मोपदेशाचे काम सोडून या कार्यास वाहून घेतले, आणि मंडळीच्या कर्जापायी त्यास तुरुंगही भोगावा लागला. त्याच धर्तीची मंडळी मुंबईत १८७४ साली निघाली. पुढे १९३० साली डॉरथी ब्रुक नावाची एक इंग्रज बाई आपल्या लष्करी पतीबरोबर कैरो शहरी गेली. पहिल्या महायुद्धात लढलेले सरकारी घोडे युद्ध संपल्यावर तेथेच विकून टाकण्यात आले होते. बारा वर्षांनंतर ते आंधळे, लंगडे होऊन दगडांच्या गाड्या ओढताना तिने पाहिले. तिने १९३१ साली एका इंग्रजी वर्तमानपत्रास पत्र लिहून मदत मागितली, आणि तीन वर्षांत असे सुमारे पाच हजार घोडे विकत घेतले. बहुतेकांचा देह इतका झिजला होता की थोडे दिवस मऊ गवतावर विसावा देऊन वेदनारहित मरण देणे, एवढेच तिला करता आले. १९३४ साली तिने तेथे गरिबांच्या कामकरी घोड्या-गाढवांसाठी फुकट दवाखाना काढिला. गरीब मालकास शिव्या न देता त्याच्या जनावरास औषध द्यावे, हे शहाणपण तिला कामातून सुचले. आपल्या महाराष्ट्रात सांगली, सोलापूर या भागांत 'अ‍ॅनिमल राहत' ही संस्था २००३ पासून बैल, घोडे, गाढवे या कष्टकरी जनावरांस अशीच औषधाची मदत देते, आणि थकलेल्या जनावरांस आसराही देते.

कोणास वाटेल की हे सर्व परक्यांचे शिकविणे आहे. परंतु आपल्याच इतिहासात याहून उत्तम धडा आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणकडील आपल्या लष्करास एक पत्र धाडिले. त्यात लढाईची गोष्ट नाही; गवत आणि दाणा यांचा हिशेब आहे. पावसाळा संपेतो पुरेल अशा बेताने चंदी द्या. आज मनास येईल तसे उधळाल, तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारिली असे होईल, असा त्याचा आशय आहे. रात्री दिवा जळता ठेवाल तर उंदीर वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीस आग लागेल, इथवर बारीक विचार त्यांनी केला होता. स्वराज्याचा धनी उंदरापासून गवत राखण्याची चिंता वाहतो, यासच आम्ही चाकरी म्हणतो. पाच किलो हरभरे एका दिवशी ओतणारा मुलगा आणि ते कौतुकाने पाहणारे त्याचे शिक्षक या दोघांनीही ते पत्र परीक्षेपुरते वाचिले होते.

धर्माची साक्षही हीच आहे. आमच्या पवित्र शास्त्रात विसाव्याच्या दिवसाची आज्ञा आहे. तो विसावा धन्याप्रमाणेच त्याच्या बैलास व गाढवासही द्यावा असे तेथे सांगितले आहे. बलामाच्या गाढवीची कथा आमच्या रविवारच्या शाळेतील मुलांस तोंडपाठ आहे. संदेष्ट्यास जे दिसले नाही ते त्या मुक्या जनावरास दिसले, आणि मार तिनेच खाल्ला. येथून जवळच असलेल्या पैठणच्या एकनाथ महाराजांनी काशीहून रामेश्वरासाठी आणिलेली गंगेची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली, हे कोणास ठाऊक नाही? मुसलमान बंधूंच्या परंपरेतही विहिरीत उतरून, जोड्यात पाणी भरून तहानेल्या कुत्र्यास पाजणाऱ्याची कथा प्रसिद्ध आहे. या कथांत एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. नाथांनी गाढवास पंचपक्वान्न दिले नाही. त्यास ज्याची गरज होती ते पाणी दिले.

आता मळ्यात जाऊन मुलांस करावयाचे काय, ते सांगतो. घोड्यास पाणी दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर लागते, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्याहून अधिक. ते वाहून आणावयाचे, आणि हौद आधी घासावयाचा. ठाण झाडून लीद काढावयाची. परंतु काढण्यापूर्वी ती नीट पाहावयाची, कारण लीद बंद झाली तर पोटशुळाची ती पहिली सूचना असते. चाऱ्यास बुरशी आली आहे काय, हे वास घेऊन पाहावयाचे. अंगास खरारा करावयाचा, आणि तो करता करता जखम, सूज, गोचीड हाताने चाचपावयाची. पाय उचलून खुरांतील माती व खडे काढावयाचे. म्हातारे घोडे चावलेल्या घासाचे बोळे तोंडातून टाकू लागले, तर दातांस धार आली असे समजून पशुवैद्यास कळवावयाचे. आणि त्यास थोडे फिरवून आणावयाचे. घोडा का अडला आणि भाकरी का करपली या जुन्या कोड्याचे उत्तर एकच आहे, हे आपण सर्व जाणतोच. या कामात टाळ्या नाहीत, बक्षीस नाही, आणि घोडा आभारही मानीत नाही. पुढल्या शनिवारी सर्व काम पुनः पहिल्यापासून.

येथेच घोडे पेंड खाते. पहिल्या शनिवारी वीस मुले जातील. तिसऱ्या शनिवारी सात उरतील. ज्यांस केवळ घोड्याबरोबर छायाचित्र हवे आहे, त्यांनी जाऊ नये हेच बरे. नियमाने न येणाऱ्या स्वयंसेवकाचा जनावरास काही उपयोग नाही. उलट त्याच्यावर विसंबून हौद रिकामा राहिला तर अपायच.

पालकांच्या आक्षेपांकडे वळतो. परीक्षेचे म्हणाल, तर आठवड्यातील तीन तासांनी कोणी नापास झाल्याचे आम्ही पाहिले नाही. तीन तास हातातील फोनकडे पाहण्यात दररोज जातात, त्यास मात्र कोणाची हरकत दिसत नाही. लीद काढण्याची लाज वाटत असेल, तर आम्ही नम्रपणे विचारितो की, आपल्या घरची घाण कोण काढितो, आणि त्यास आपण काय नावाने हाक मारितो? माणसे उपाशी असता घोड्यांची सेवा कशाला, हा आक्षेप वजनदार आहे. परंतु उपाशी घोड्यामागे बहुधा एक उपाशी मालक उभा असतो. १९६० च्या कायद्याने जनावर उपाशी मरेल अशा स्थितीत सोडून देणे हा गुन्हा ठरविला. पहिल्या अपराधास दंड ठरविला तो दहा ते पन्नास रुपयांचा. पन्नास रुपयांच्या भीतीने कोणी घोडा पोसणार नाही, आणि ज्याच्यापाशी चाऱ्यास पैसा नाही त्यास पाच हजारांचा दंड करूनही घोड्याचे पोट भरणार नाही. २०१५ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने हौसेच्या व्हिक्टोरिया गाड्या बंद करण्याचा निर्णय दिला, तेव्हा गाडीवाल्यांच्या पुनर्वसनाची योजना आखण्यासही सरकारास सांगितले. कारण घोड्याचे दुःख आणि माणसाचे दुःख एकाच दोरीने बांधलेले असते. जो मुलगा लग्नसराईनंतर सोडलेली घोडी पाहील, त्यास तिच्या मालकाचे घरही एक दिवस दिसेल, अशी आमची आशा आहे.

राहिला त्या मातेचा प्रश्न: मुलांस यातले काही कळते का? आज कळत नाही. आणि म्हणूनच आमची शिफारस तीन अटींवर आहे. पहिली अट ही की, पहिले चार शनिवार कोणीही जनावरास हात लावू नये. पशुवैद्याकडून व तेथील मोतद्दाराकडून शिकावे. घोड्याच्या मागून जाऊ नये, खांद्याच्या बाजूने बोलत जावे, त्याच्या कानांवरून त्याचे मन ओळखावे, हे पाठ झाल्यावाचून पुढे पाऊल टाकू नये. दुसरी अट ही की, प्रत्येकाने धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी, आणि नव्याने आणिलेल्या किंवा नाकातून स्राव वाहणाऱ्या घोड्याजवळ कोणी जाऊ नये. ग्लँडर्स नावाचा घोड्यांचा भयंकर रोग माणसासही जडतो. तिसरी अट ही की, पशुवैद्यास विचारिल्यावाचून घोड्यास गुळाचा खडादेखील देऊ नये. ही तिसरी अट आमच्या अनुभवाची आहे, आणि तिच्यात सूट नाही. एक शिक्षक दर शनिवारी मुलांबरोबर राहील. आरंभी आम्हीच जाऊ, आणि मुलांबरोबर आम्हीही शिकू.

ज्यांस जाणे शक्य नाही त्यांनी घरी बसूनही थोडे करावे. आपल्या घरी लग्न असेल तर घोडी ठरविताना तिची पाठ व पाय पाहून घ्यावे, तिच्याजवळ फटाके लावू देऊ नयेत, मिरवणूक थांबेल तेथे तिला पाणी पाजावे. आणि नवरदेव पायी गेल्याने लग्नास उणेपणा येत नाही, हेही वडीलधाऱ्यांस आदराने सांगावे. आपल्या गल्लीत सोडलेले घोडे दिसले तर पाणी ठेवावे, पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे, आणि शिळी पोळी घेऊन धावू नये.

तो मुलगा आता मोठा झाला असेल. हा अंक त्याच्या हाती पडेल की नाही, कोणास ठाऊक. पडलाच, तर त्यास आम्हांस एवढेच सांगावयाचे आहे: होय बाळा, ती आपल्यामुळे गेली, आणि त्यात तुझ्यापेक्षा आमचा दोष अधिक, कारण तू लहान होतास आणि आम्ही विचारावयास हवे होते. तुझी दया खोटी नव्हती. तिला लागणारे शिक्षण तुला देणे आमचे काम होते, आणि ते आम्ही केले नाही. ते तुझ्या मागून आलेल्या मुलांस मिळावे म्हणून आम्ही त्यांच्या पालकांपाशी परवानगी मागत आहो.